शहराने कोळशाच्या वीजकेंद्रात पैसा घालावा का? प्रेअरी स्टेटचा हिशेब

शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या नेपरव्हिल शहरात मराठी कुटुंबे बरीच राहतात. त्यांच्या घरी येणारे विजेचे बिल खासगी कंपनीचे नसते. ते शहराच्या स्वतःच्या वीज विभागाकडून येते. मुंबईकरांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही, कारण 1947 पासून महापालिकेच्या मालकीचा असलेला बेस्ट उपक्रम मुंबई बेटावर अशाच पद्धतीने वीज पुरवतो. मात्र बेस्ट वीज विकत घेऊन वाटण्याचे काम करतो, तर अमेरिकेच्या मध्य भागातील दोनशेहून अधिक लहानमोठी गावे आणि शहरे 2005 नंतरच्या काही वर्षांत त्याच्या पुढे गेली. त्यांनी दक्षिण इलिनॉयमधल्या ‘प्रेअरी स्टेट’ नावाच्या 1,600 मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राची बहुतेक मालकीच आपसांत वाटून घेतली. एखाद्या शहराने कोळशाच्या वीजकेंद्रात पैसा घालावा की नाही, या प्रश्नाचा अभ्यास करायला याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. धुराचा आणि हवामानाचा प्रश्न त्यात आहेच, पण त्याच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि तो पुष्कळ नगरसभांनी पुरेसा विचारला नाही: ठरवले होते तसे काहीच घडले नाही, तर पैसे कोण भरणार?

अमेरिकेत सुमारे 2,000 ठिकाणी वीजपुरवठा सार्वजनिक मालकीचा आहे आणि तेथील साधारण दर सात ग्राहकांपैकी एक जण अशा पुरवठादाराचा ग्राहक आहे. यातली बहुतेक ठिकाणे लहान आहेत. त्यांच्याकडे खांब, तारा आणि उपकेंद्रे असतात. वीज मात्र मोठ्या कंपन्यांकडून दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली जाते. 2005 च्या सुमारास यातले अनेक करार संपत आले होते आणि नेमक्या त्याच वेळी नैसर्गिक वायूचे भाव चढलेले होते. इलिनॉयमध्ये दहा वर्षे गोठवून ठेवलेले वीजदर जानेवारी 2007 मध्ये मोकळे झाले आणि अनेक घरांची बिले एकाएकी वाढली. अशा वेळी शहराचा कारभार पाहणाऱ्या माणसाला बाजाराची भीती वाटली, तर त्यात नवल नाही. त्याला स्वस्त विजेपेक्षा भाव ठरलेली वीज हवी होती, आणि ही गरज खरी होती.

कोळसा खाणीच्या धंद्यातील पीबॉडी या कंपनीने या गरजेला साजेसा प्रस्ताव मांडला. वॉशिंग्टन काउंटीतील लाइव्हली ग्रोव्ह येथे कंपनीचा कोळशाचा मोठा साठा होता. तेथेच भूमिगत खाण काढायची आणि खाणीच्या तोंडाशी वीजकेंद्र उभारायचे, म्हणजे कोळसा रेल्वेने आणण्याचा खर्च उरत नाही. पाणी कास्कास्किया नदीचे. बॉयलरमध्ये वाफेचा दाब आणि तापमान इतके जास्त ठेवायचे, की पाणी आणि वाफ यांतला भेदच नाहीसा होतो. या ‘सुपरक्रिटिकल’ तंत्रामुळे त्याच कोळशातून थोडी अधिक वीज मिळते. इलिनॉयच्या कोळशात गंधक पुष्कळ असते, म्हणून धुरातून ते काढणारी यंत्रणा सुरुवातीपासूनच बसवायची. खाण, वीजकेंद्र आणि इंधन एकाच मालकीत असल्यामुळे पुढची कित्येक वर्षे इंधनाचा भाव आपल्या हातात राहील, असे शहरांना सांगण्यात आले. कागदावर हे सगळे तर्कशुद्ध होते, आणि म्हणूनच प्रेअरी स्टेटचा पुढचा इतिहास नीट समजून घ्यावासा वाटतो. तिथे कोणी मूर्खपणा केला असे म्हणून हा विषय संपत नाही.

एकट्या लहान शहराला असा प्रकल्प झेपत नाही. म्हणून अनेक शहरांनी मिळून स्थापन केलेल्या संयुक्त वीज संस्थांनी त्यात हिस्से घेतले. ओहायो आणि शेजारच्या राज्यांतील शहरांच्या ‘अमेरिकन म्युनिसिपल पॉवर’ने 23.26 टक्के, नेपरव्हिल ज्या संस्थेची सदस्य आहे त्या ‘इलिनॉय म्युनिसिपल इलेक्ट्रिक एजन्सी’ने 15.17 टक्के, इंडियानाच्या संस्थेने 12.64 टक्के, मिझुरीच्या संस्थेने 12.33 टक्के घेतले. केंटकीच्या संस्थेला 7.82 टक्के आणि बटाविया, जिनीवा व रोशेल या तीन गावांच्या उत्तर इलिनॉय संस्थेला 7.60 टक्के मिळाले. ज्या पीबॉडीने ही कल्पना मांडली, तिने स्वतःकडे फक्त 5.06 टक्के ठेवले. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

बांधकाम 2007 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले आणि दोन्ही संच 2012 मध्ये, एक जूनमध्ये तर दुसरा नोव्हेंबरमध्ये, व्यावसायिक निर्मितीत आले. दरम्यान खर्च बदलत गेला. अगदी सुरुवातीच्या काळात 200 कोटी डॉलरच्या आसपासचा अंदाज बोलला जात होता, 2010 च्या सुमारास तो 400 कोटींवर गेला आणि शेवटी एकूण खर्च 500 कोटी डॉलरच्या घरात पोहोचला. मोठ्या बांधकामाचा खर्च वाढतोच, असे म्हणून आपण हे आकडे सहज मागे टाकतो. पण वीजकेंद्राच्या बाबतीत ही वाढ ग्राहकाच्या बिलात कशी उतरते, हे एकदा गणित मांडून पाहण्यासारखे आहे.

500 कोटी डॉलर भागिले 1,600 मेगावॉट, म्हणजे एका मेगावॉटला 31 लाख 25 हजार डॉलर. ही रक्कम 5 टक्के व्याजाने 30 वर्षांसाठी उचलली असे समजू. हे माझे सोयीसाठी घेतलेले गृहीतक आहे, प्रत्येक संस्थेचा व्याजदर आणि मुदत वेगळी होती. तर वर्षाचा हप्ता होतो सुमारे 2 लाख 3 हजार डॉलर. वर्षात 8,760 तास असतात. केंद्र त्यांपैकी 85 टक्के तासांइतके पूर्ण क्षमतेने चालले, तर एका मेगावॉटमागे 7,446 मेगावॉट-तास, म्हणजे साधारण 74 लाख युनिट वीज मिळते आणि नुसत्या हप्त्याचा भार युनिटला सुमारे 2.7 सेंट पडतो. तेच केंद्र बिघाडामुळे 60 टक्केच चालले, तर हप्ता तेवढाच राहतो पण तो कमी युनिटांवर वाटला जातो आणि भार 3.9 सेंट होतो. आणि खर्च मूळच्या 200 कोटींतच भागला असता, तर 85 टक्के चालणाऱ्या केंद्रात हा भार 1.1 सेंट राहिला असता. यात खाणीचा खर्च, मजुरी, देखभाल, राखेची विल्हेवाट आणि वीज वाहून नेण्याचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

2012 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी हे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, त्या भागातील घाऊक बाजारात तयार वीज युनिटला साधारण 3 सेंटना मिळत होती.

बाजारभाव इतका खाली का आला, याचे कारण कोळशाशी संबंधित नव्हते. 2008 मध्ये अमेरिकेत नैसर्गिक वायूचा वार्षिक सरासरी भाव दर दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एककाला (वायूतील उष्णता मोजण्याचे हे माप) 9 डॉलरच्या जवळ होता. खडकाच्या थरांत अडकलेला वायू पाण्याच्या प्रचंड दाबाने मोकळा करण्याचे तंत्र त्यानंतर झपाट्याने पसरले आणि 2012 मध्ये तोच सरासरी भाव 3 डॉलरच्याही खाली उतरला. घाऊक वीजबाजारात बहुतेक तासांचा भाव वायूवर चालणारी केंद्रे ठरवत असल्यामुळे विजेचाही भाव पडला. दुसरीकडे 2008 च्या मंदीने कारखाने आणि नवी घरबांधणी थंडावली आणि विजेची मागणी वाढेल हा अंदाज चुकला. बटावियासारख्या गावाने आज लागते त्यापेक्षा जास्त वीज उद्याच्या वाढीसाठी म्हणून बांधून घेतली होती. ती वाढ आली नाही, आणि उरलेली वीज बाजारात जो मिळेल त्या भावाने, म्हणजे आपल्याला पडलेल्या किमतीपेक्षा कमीने, विकावी लागली. पहिल्या काही वर्षांत संच वारंवार बंद पडले, तेव्हा उलटे झाले: हप्ता चालूच राहिला आणि गरजेची वीज बाहेरून विकत घ्यावी लागली. केंटकीतील पडूका शहराने असाच गरजेपेक्षा मोठा हिस्सा उचलला होता. 2014 पर्यंत तेथील वीजदर त्या राज्यातील सर्वांत महाग दरांमध्ये मोडू लागले आणि नागरिक नगरसभेच्या दारात उभे राहिले.

इथे वाचकाच्या मनात साहजिक प्रश्न येईल की वीज महाग पडत होती, तर या शहरांनी ती घेणे थांबवले का नाही. याचे उत्तर करारात आहे, आणि सगळ्या विषयाचे मर्मही मला तिथेच दिसते. महिन्याच्या जेवणाचे पैसे आगाऊ भरून मेस लावली, की एखादे दिवशी बाहेर जेवलो तरी त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत. घ्या वा न घ्या, पैसे भरलेच पाहिजेत. संयुक्त संस्थांनी शहरांशी केलेले करार याच जातीचे असतात, फक्त मुदत महिन्याची नसून तीस-पस्तीस वर्षांची असते, आणि मेसची चूल पेटली नाही, किंबहुना स्वयंपाकघर बांधून पूर्ण झाले नाही, तरीही पैसे देणे चुकत नाही. शिवाय पंक्तीतला एखादा गडी पैसे बुडवून निघून गेला, तर त्याच्या वाट्याचा काही भाग उरलेल्यांनी उचलावा, असेही कलम अशा करारांत सर्रास असते.

इतका कडक करार शहरे का करतात? कारण त्याशिवाय कर्ज स्वस्तात मिळत नाही. संयुक्त संस्था रोखे विकून पैसा उभारते. रोखे घेणाऱ्याला वीजकेंद्र चालेल की नाही याची जोखीम नको असते. त्याला व्याज आणि मुद्दल वेळेवर हवे असते. म्हणून शहर लिहून देते की कर्जफेडीला पुरेल इतके वीजदर आम्ही वेळोवेळी वाढवत जाऊ. इलिनॉयमध्ये खासगी वीज कंपनीच्या दरवाढीची छाननी राज्याचा आयोग करतो, पण शहराच्या वीज विभागाचे दर नगरसभा स्वतःच ठरवते. तिला वरून अडवणारे कोणी नाही. गावातील ग्राहकाला दुसरा पुरवठादारही निवडता येत नाही. रोखेधारकाच्या दृष्टीने याहून चांगले तारण नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की सगळी जोखीम त्याच्या मीटरला येऊन बांधली गेली आहे. खासगी कंपनीने असे केंद्र बांधले असते आणि ते तोट्यात गेले असते, तर त्यातला बराचसा तोटा भागधारकांच्या अंगावर गेला असता. इथे भागधारक आणि ग्राहक एकच आहेत, आणि बहुतेकांना आपण भागधारक आहोत याची कल्पनाही नसते. नगरसभेत हा ठराव मंजूर झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, ती मुले मोठी होऊन याच कर्जाचे हप्ते भरणार आहेत. शहराने घेतलेले प्रत्येक दीर्घ कर्ज असेच असते हे खरे, पण पूल आणि जलवाहिनी यांच्यापुढे स्वस्त वायूची स्पर्धा उभी राहत नाही.

ही पद्धत किती पेटू शकते, हे अमेरिकेने आधी एकदा पाहिले होते. वॉशिंग्टन राज्यातील एका संयुक्त संस्थेने 1970 च्या दशकात पाच अणुवीज केंद्रांचा घाट घातला. त्यांतील चौथ्या आणि पाचव्या केंद्रांत 88 सार्वजनिक पुरवठादार अशाच ‘घ्या वा न घ्या’ करारांनी बांधले गेले होते. दोन्ही केंद्रे अर्धवट सोडून द्यावी लागली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये तेथील पुरवठादारांना असे करार करण्याचा अधिकारच नव्हता असा निर्णय दिला आणि 225 कोटी डॉलरचे रोखे बुडाले. त्या निर्णयाने तेथील ग्राहक सुटले, पण पुढच्या काळात अन्य राज्यांतील वकिलांनी करार असे लिहिले आणि कायदे असे करून घेतले, की तो रस्ता पुन्हा सहजी मोकळा राहू नये.

प्रेअरी स्टेटच्या शहरांना आणखी एक अनपेक्षित फटका बसला, आणि तो त्यांच्या सावधपणातूनच बसला हे विशेष. मंदीच्या काळात 2009 मध्ये केंद्र सरकारने एक खास प्रकारचे रोखे सुरू केले होते, ज्यांच्या व्याजाचे 35 टक्के सरकार स्वतः संस्थेला परत देणार होते. प्रकल्पातील सहाही सार्वजनिक संस्थांनी हे रोखे काढले. 2013 मध्ये सरकारी खर्चात सरसकट कपात लागू झाली आणि ही परतफेडही कापली गेली. संस्था न्यायालयात गेल्या, पण 2023 मध्ये अपिलातही हरल्या. सरकारने दिलेल्या शब्दावर तीस वर्षांचा हिशेब मांडला, तर त्या शब्दालाही जोखीम म्हणून धरावे लागते, हे त्यांना फार उशिरा कळले.

आता दुसरी बाजूही तितक्याच नीट मांडली पाहिजे, कारण या केंद्राचे समर्थक आजही आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पहिल्या वर्षांतले बिघाड पुढे कमी झाले. 2022 मध्ये वायूचा वार्षिक सरासरी भाव पुन्हा 6 डॉलरच्या वर गेला, तेव्हा स्वतःची खाण असलेल्या या केंद्राच्या खर्चावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मध्य-पश्चिम भागातील ग्रिडच्या क्षमता लिलावात भाव अकस्मात चढला. हा लिलाव कशाचा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रत्यक्ष वीज वेगळी आणि ऐन कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाळ्याच्या दुपारी हाक मारताच धावून येण्याची हमी वेगळी. या हमीचीही किंमत मोजावी लागते. तेथे आदल्या वर्षी दक्षिण इलिनॉयमध्ये ही किंमत दर मेगावॉट-दिवसाला 5 डॉलर होती, ती 236 डॉलर 66 सेंट झाली. पूर्वेकडच्या शेजारी ग्रिडमध्ये जुलै 2024 च्या लिलावात अशीच उडी आली आणि भाव 28 डॉलर 92 सेंटवरून 269 डॉलर 92 सेंटवर गेला. डेटा सेंटरांमुळे मागणी वाढत असताना ज्यांच्याकडे स्वतःचे केंद्र आहे, त्यांना या उड्यांची झळ कमी बसते. म्हणजे 2012 मध्ये ओझे वाटणारी मालकी 2022 नंतर काही प्रमाणात छत्री ठरली.

पण या युक्तिवादाने नेमके काय सिद्ध होते? बाजारभाव वर-खाली होतात तेव्हा स्वतःच्या मालकीची काही वीज असणे उपयोगाचे असते, एवढे सिद्ध होते. ती वीज कोळशाचीच असावी, ती एकाच केंद्रातून यावी आणि गरजेपेक्षा जास्त असावी, हे त्यातून निघत नाही. ज्या शहरांनी आपल्या गरजेचा लहान भागच इथून घेतला, त्यांना वाईट वर्षे फारशी जाणवली नाहीत. ज्यांनी सारी भिस्त या एका केंद्रावर ठेवली, त्यांना ती फार जाणवली. शेतकरी सगळ्या रानात एकच पीक घेत नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

कार्बनचा मुद्दा मी मुद्दाम इतका उशिरा आणला, कारण बहुतेक चर्चा तिथे सुरू होते आणि तिथेच अडकते. प्रेअरी स्टेटमधून वर्षाला 1.2 कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इलिनॉयमध्ये एका ठिकाणाहून होणारे हे सर्वांत मोठे उत्सर्जन आहे. त्याचा पृथ्वीवर होणारा परिणाम हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. शहराच्या खजिनदारासाठी मात्र तो आणखी एका रूपात येतो: वीजकेंद्र पन्नास वर्षे चालेल असे धरून कर्ज काढले, आणि कायद्याने ते त्याआधीच बंद करायला लावले, तर काय? केंद्राची आखणी होत होती तेव्हा कार्बनवर कर किंवा मर्यादा येईल अशी चर्चा सुरूच होती. पुढे केंद्र सरकारचे कार्बनवरचे 2015 चे नियम 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केले, त्यामुळे धोका टळला असे काहींना वाटले. अखेर नियम आला तो राज्याकडून. सप्टेंबर 2021 मध्ये इलिनॉयने केलेल्या कायद्यानुसार खासगी कोळसा केंद्रांना 2030 पर्यंत बंद व्हायचे आहे. सार्वजनिक मालकीच्या केंद्रांना, म्हणजे प्रेअरी स्टेट आणि राजधानी स्प्रिंगफील्डचे शहराच्या मालकीचे केंद्र यांना, जास्त वेळ मिळाला: 2035 पर्यंत, आणि फार तर 2038 पर्यंत, उत्सर्जन 45 टक्क्यांनी घटवायचे आणि 2045 पर्यंत शून्यावर आणायचे. ही सवलत कोळशावरच्या प्रेमापोटी दिलेली नव्हती. केंद्र लवकर बंद झाले, तर वीज नाही आणि कर्ज मात्र आहे अशी अवस्था शेकडो गावांची होईल, हा शहरांचा युक्तिवाद विधिमंडळाला मोडून काढता आला नाही. शहरे मालक झाली म्हणून केंद्र अधिक वर्षे धूर सोडत राहणार, असा हा उलटा परिणाम आहे, आणि सार्वजनिक मालकीवर विश्वास असणाऱ्या माझ्यासारख्याला तो बोचतो.

आता पीबॉडीच्या 5.06 टक्क्यांकडे येऊ. 500 कोटी डॉलरच्या हिशेबाने या हिश्श्याचा खर्च सुमारे 25 कोटी डॉलर होतो. कोळशाच्या मंदीत 2016 मध्ये पीबॉडीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, आणि त्याच वर्षी हा हिस्सा इंडियानातील एका सहकारी वीज संस्थेला सुमारे 5.7 कोटी डॉलरना विकला. अडचणीत सापडलेल्याने विकलेल्या वस्तूचा भाव पडतो, त्यामुळे हा भाव तंतोतंत खरा मानू नये. तरीही त्या भावाने सगळ्या केंद्राची किंमत काढली, तर ती 113 कोटी डॉलरच्या आसपास येते. कल्पना मांडणाऱ्या कंपनीला तोटा सोसून का होईना, पण बाहेर पडता आले. पडूका किंवा बटाविया यांना तसे दार नव्हते, कारण त्यांचा हिस्सा घेणारा मिळाला तरी मूळ कर्ज त्यांच्याच नावावर राहणार होते.

बाहेर पडायचे, तर ते वीट रचण्यापूर्वी. ओहायोच्या मेग्ज काउंटीत अमेरिकन म्युनिसिपल पॉवर आणखी एक, सुमारे 1,000 मेगावॉटचे कोळसा केंद्र बांधणार होती. बांधकामाचा अंदाज 37 टक्क्यांनी वाढला आहे असे कळल्यावर नोव्हेंबर 2009 मध्ये सदस्य शहरांनी तो प्रकल्प रद्द केला. तोपर्यंत झालेला खर्च शहरांवर पडलाच आणि त्यावरून वाद-खटलेही झाले. पण तो खर्च एकदाच फिटणारा होता. मिशिगनमधील हॉलंड शहरानेही आपल्या जुन्या कोळसा केंद्राच्या विस्ताराचा बराच विचार केल्यावर शेवटी वायूवर चालणारे लहान केंद्र बांधले आणि ते 2017 मध्ये सुरू झाले. त्यानेही कार्बन निघतोच, पण ते शहराच्या गरजेच्या मापाचे होते.

महाराष्ट्रात महापालिका औष्णिक केंद्रे विकत घेत नाहीत, तरी या कराराचे तत्त्व आपल्या बिलातही आहे. महावितरण ज्या केंद्रांशी दीर्घ मुदतीचा करार करते, त्यांना दोन प्रकारचे पैसे देते: जळलेल्या कोळशापोटी अस्थिर आकार आणि केंद्र उभे आहे म्हणून स्थिर आकार. स्वस्त वीज आधी घ्यायची या क्रमवारीत एखादे महाग केंद्र मागे ठेवले गेले, तरी ते वीज द्यायला तयार असेल तर त्याचा स्थिर आकार द्यावाच लागतो. वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांत ग्राहक प्रतिनिधी या मुद्द्यावर वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. आपल्याकडे निदान आयोगापुढे सुनावणी होते, कागद मागता येतात आणि आकडे तपासता येतात. इलिनॉयच्या गावकऱ्याला त्याचा हिशेब मागायला नगरसभेशिवाय जागा नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की शहराने आज नव्या कोळसा केंद्रात पैसा घालू नये. कोळसा घाणेरडा आहे हे त्याचे एक कारण आहे. त्याहून मोठे कारण हे की इतक्या मोठ्या, इतक्या लांब मुदतीच्या आणि मागे न फिरता येणाऱ्या पैजेसाठी शहर हा फार लहान खेळाडू आहे. वायूचा भाव, मंदी, केंद्र सरकारची कपात, राज्याचा कायदा आणि बॉयलरची तब्येत या पाचही गोष्टी त्याच्या हाताबाहेर आहेत, आणि तीस वर्षांत त्यांतील निदान दोन-तीन तरी उलटणारच. त्याऐवजी वेगवेगळ्या मुदतींचे, वेगवेगळ्या स्रोतांचे लहान करार केले, मागणीच कमी करण्यावर खर्च केला आणि दर काही वर्षांनी थोडाच भाग नव्याने ठरवायचा ठेवला, तर एखादा निर्णय चुकला तरी गाव बुडत नाही. वारा आणि सूर्य यांची वीज नेहमी मिळत नाही, तिच्या जोडीला बॅटरी किंवा दुसरा आधार लागतो, आणि त्याचा खर्चही प्रामाणिकपणे हिशेबात धरला पाहिजे. पण पवनचक्क्यांच्या वीस वर्षांच्या करारात सहसा जेवढी वीज मिळेल तेवढेच पैसे द्यावे लागतात. पवनचक्की बंद पडली, तर तोटा तिच्या मालकाचा.

हा प्रश्न नेपरव्हिलमध्ये जुना झालेला नाही. शहराचा सध्याचा करार 2035 पर्यंत आहे आणि संयुक्त संस्थेने सदस्य शहरांना तो 2055 पर्यंत वाढवायला सांगितले, त्यावरून 2024 आणि 2025 मध्ये तेथे जोरात चर्चा झाली. या कराराने शहर आपली जवळजवळ सगळी वीज त्या संस्थेकडूनच घेण्यास बांधले जाते. संस्थेचे म्हणणे असे की लवकर सही झाली, तर नवी सौर आणि अन्य केंद्रे आखता येतील, आणि प्रेअरी स्टेट हा तिच्या साठ्याचा एक भागच आहे. हे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. त्याचबरोबर तेथील कोणाही रहिवाशाने, मग तो मराठी असो वा आणखी कोणी, सभागृहात उभे राहून काही साध्या गोष्टी विचाराव्यात: वीज घेतली नाही तरी भरावी लागणारी रक्कम वर्षाला किती, प्रेअरी स्टेटचे कर्ज नेमके कोणत्या वर्षी फिटते, शेजारचे शहर बाहेर पडले तर त्याचा वाटा कोणावर येतो, आणि ज्या केंद्राचे उत्सर्जन कायद्याने 2045 मध्ये शून्यावर यायचे आहे, त्याच्या बंद करण्याचा, राखेच्या ढिगांचा आणि खाण बुजवण्याचा खर्च 2055 पर्यंतच्या दरांत धरला आहे की नाही. या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत आणि लेखी मिळाली पाहिजेत, आणि ती सहीच्या आधी मिळाली पाहिजेत.